शत्रूच्या उपस्थितीत

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात मानपत्र हा लेखनप्रकार असतो. विद्यार्थी तो परीक्षेपुरता करतात आणि आम्ही शिक्षकही तो बहुधा उरकतोच. सत्कारमूर्तींचे गुण, संस्थेचे नाव, शाल-श्रीफळाचा उल्लेख एवढे जमले की गुण मिळतात. एका वर्षी या रटाळपणाचा कंटाळा येऊन आम्ही वर्गाला एक वेगळे काम दिले. परमवीर चक्र कोणत्या कृत्यासाठी दिले जाते हे सांगणारे मूळ सनदेतील वाक्य इंग्रजीतून मराठीत आणायचे. वाक्य एकच, पण लांब. त्याचा आशय असा : जमिनीवर, समुद्रावर किंवा आकाशात, शत्रूच्या समक्ष दाखवलेले अत्यंत ठळक शौर्य, अथवा एखादे धाडसाचे किंवा असामान्य पराक्रमाचे कृत्य, अथवा आत्मत्याग.

एका विद्यार्थिनीने 'शत्रूच्या उपस्थितीत' असे भाषांतर केले आणि वर्ग हसला. हसण्याचे कारण उघड होते. 'उपस्थिती' म्हटले की आपल्याला मान्यवरांची उपस्थिती आठवते, निमंत्रणपत्रिका आठवते. जणू शत्रू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला आहे आणि त्याच्या साक्षीने पराक्रम चालला आहे. 'समक्ष', 'समोर', 'सामन्यात', 'रणांगणावर' असे पर्याय फळ्यावर आले. प्रत्येक पर्यायासरशी वाक्याचा अर्थ थोडा सरकत होता आणि 'रणांगणावर' लिहिले तेव्हा तर शत्रू वाक्यातून नाहीसाच झाला. पुढे आमच्या ध्यानात आले की त्या मुलीचे भाषांतर हास्यास्पद असले तरी चुकीचे नव्हते. मूळ वाक्यात शत्रूला मारण्याची अट नाहीच. तो तेथे असावा, एवढीच अट आहे.

आमचे म्हणणे या अटीपुरतेच आहे. शौर्यपदके आणि त्यांचे निकष हा इतिहासकारांचा आणि माजी सैनिकांचा विषय, मराठीच्या अध्यापकांचे तिथे काय काम, असे कोणी म्हणेल. पण निकष म्हणजे शेवटी एक वाक्य असते. वाक्य कसे वाचायचे हे सांगणे आमच्या पोटापाण्याचे काम आहे. आणि हे वाक्य आपण मराठी माणसे फार दिवस चुकीचे वाचत आलो आहोत, असे आम्हांस वाटते.

या वाक्याचे कूळ विलायती आहे. क्रिमियाच्या युद्धाच्या अखेरीस २९ जानेवारी १८५६ रोजी राणी व्हिक्टोरियाने सनद काढून व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना केली. हुद्दा, कुळी, नोकरीची वर्षे, जखमांची संख्या यांपैकी काहीही न पाहता केवळ कृत्य पाहून पदक द्यायचे, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पदकावरील मजकुरासाठी आधी 'शूरांसाठी' अशा अर्थाचे शब्द सुचवण्यात आले होते. राणीने ते बदलून 'शौर्यासाठी' असे करवले. पदक न मिळालेले सैनिक शूर नव्हते असा अर्थ निघू नये, हे तिचे कारण. एका नामाऐवजी दुसरे नाम घेतल्याने केवढा अन्याय टळतो, याचे याहून चांगले उदाहरण व्याकरणाच्या तासाला सापडणे कठीण.

'शत्रूच्या समक्ष' हे शब्द पहिल्या सनदेपासून आहेत, पण ते अढळ मात्र नव्हते. १८५८ साली नियम शिथिल झाला आणि शत्रू समोर नसतानाही, पराकोटीच्या संकटात दाखवलेले धैर्य पदकास पात्र ठरू लागले. या सवलतीचा उपयोग दोनच प्रसंगी झाला. १८६६ मध्ये कॅनडात दारूगोळ्याने भरलेल्या रेल्वेच्या डब्याला लागलेली आग टिमथी ओ'हे या सैनिकाने विझवली. १८६७ मध्ये छोट्या अंदमान बेटावर किनाऱ्याशी अडकलेल्या सहकाऱ्यांना पाच जणांनी खवळलेल्या लाटांत होडी घालून सोडवून आणले. या सहाही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८८१ मध्ये नियम पुन्हा आवळला गेला व शत्रू सनदेत परतला. म्हणजे मधली तेवीस वर्षे, त्याच पदकाच्या लेखी, समुद्राची लाट आणि शत्रूची गोळी यांचे मोल एक होते. शौर्याची व्याख्या निसर्गाने दिलेली नसते, ती कोणीतरी मेजावर बसून लिहितो आणि खोडतो, हे यावरून कळते.

मेजावर बसणाऱ्यांनी आणखीही एक रेघ ओढलेली होती. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता. त्याच्यासाठी कंपनी सरकारने १८३७ मध्ये काढलेला 'ऑर्डर ऑफ मेरिट' होता. दिल्ली दरबाराच्या वेळी ही बंदी उठली आणि ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये केलेल्या कामगिरीबद्दल खुदादाद खान हा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला हिंदी सैनिक ठरला. शौर्य आदल्या दिवशी नव्हते आणि दुसऱ्या दिवशी उगवले असे अर्थातच नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा क्रॉस दोन मराठी शिपायांना मिळाला. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांचीही रणभूमी इटली, आणि समोर जर्मन फौजा. त्यांची गौरवपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची शिफारस आहे.

नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. एकटे घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते क्षणाचाही विचार न करता ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफ आणि तोफची निकामी केला, एकाला टॉमीगनने मारले, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणताना बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचले. पुढच्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. बावीस वर्षांचे वय. हे गौरवपत्र आपल्या ओळखीचे आहे. यातला वेग, एकट्याने धावून जाणे, हत्यार संपल्यावर हत्याराचेच दुसरे हत्यार करणे, हे सारे पोवाड्याच्या कानाला लगेच पटते.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांचे गौरवपत्र ९ एप्रिल १९४५ चे, सेनिओ नदीच्या काठचे. जाधव हे कंपनीचे निरोप्ये. नदीचे दोन्ही बांध शत्रूने सुरुंग पेरून राखलेले. जाधवांनी पहिल्यांदा केले काय, तर एका जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. मग ते परत गेले व दुसऱ्याला आणले. मशीनगनची ठाणी त्यांनी त्यानंतर उडवली, हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब फेकून. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि बाकीच्यांना पलीकडे येण्याची खूण केली. शाळांच्या कार्यक्रमांतून जाधवांची कथा सांगितली जाते तेव्हा ती बहुधा ठाण्यांपासून सुरू होते. त्याआधीच्या दोन फेऱ्या एका वाक्यात आटपतात. गौरवपत्रात मात्र त्या आधी येतात आणि पुरेशी जागा घेतात.

समोरच्या खंदकातील जर्मन शिपायाला कोणते पदक मिळत असे, हेही पाहण्याजोगे आहे. लोखंडी क्रॉस १८१३ मध्ये प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी काढला. सोन्या-चांदीऐवजी मुद्दाम लोखंड वापरले आणि हुद्द्याचा भेद ठेवला नाही. १८७०, १९१४ आणि १ सप्टेंबर १९३९ अशा तीन युद्धारंभी त्याचे पुनरुज्जीवन झाले. १९३९ च्या आदेशातील निकष असा की शत्रूसमोर दाखवलेले विशेष शौर्य आणि सैन्याच्या नेतृत्वातील उत्कृष्ट कामगिरी यांसाठीच तो द्यावा. 'शत्रूसमोर' हे शब्द तिथेही आहेत. सेनिओच्या दोन्ही काठांवर एकच वाक्य होते, फक्त त्यातील 'शत्रू' या शब्दाचा अर्थ नदी ओलांडली की उलटत होता. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून स्वस्तिक काढलेल्या रूपात ही जुनी पदके लावण्यास मुभा दिली. २००८ मध्ये नवे शौर्यपदक सुरू केले तेव्हा मात्र लोखंडी क्रॉस हे नाव त्याला दिले नाही. पदकाचा निकष तोच राहिला तरी ते कोणाच्या वतीने दिले गेले याचा डाग पुसता येत नाही. घाडगे आणि जाधव यांच्या क्रॉसवर वसाहतीच्या राणीचे नाव आहेच, हे आपण विसरतो किंवा विसरल्यासारखे करतो. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. त्यांना हा प्रश्न बहुधा पडला नसावा.

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० ची, पण अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्याचे मुख्य वाक्य व्हिक्टोरिया क्रॉसच्या १९२० च्या सनदेवरून उचलले आहे, जवळजवळ शब्दशः. जे वगळले ते मात्र लक्षणीय आहे. ब्रिटिश वाक्यात आत्मत्यागानंतर 'पराकोटीची कर्तव्यनिष्ठा' असा आणखी एक पर्याय होता. आपल्या वाक्यात तो नाही. कोणत्या विचाराने तो गळला याची चर्चा करण्यापेक्षा गळल्याने काय झाले ते पाहणे अधिक फलदायी, कारण नंतर लगेचच या वाक्यात न मावणारा एक माणूस पुढे आला.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीत, भरती झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेची वाट शत्रूने तोडलेली झाडे, उडवलेले पूल आणि सुरुंग यांनी बंद केली होती. ८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. तरीही संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाड्यांना पुढे काढले. मग ९, १० आणि ११ तारखेला त्यांनी हेच केले : झाडे हटवली, सुरुंग काढले, वळणरस्ते खोदले, तेही गोळीबारात, खाणे आणि झोप जवळजवळ नसताना. मुघलकालीन वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता ११ तारखेला खुला झाला आणि १२ ला राजौरी हाती आली.

या गौरवपत्रात राणे कोणाला मारत नाहीत. त्यात 'एखादे धाडसी कृत्य' असे बोट ठेवून दाखवावे तर कोणते दाखवावे? तेथे कृत्य एक नाही, चार दिवसांचे काम आहे. रस्ता बांधणाऱ्या माणसाचे काम. ते नेमके त्या गळलेल्या पर्यायात बसणारे होते. तरीही सनदेच्या सुरुवातीच्याच मानकऱ्यांत राणे आहेत, तेही हयात असताना. म्हणजे वाक्य लिहिणाऱ्यांपेक्षा वाक्य लागू करणाऱ्यांनी ते अधिक उदारपणे वाचले. आम्ही मात्र आमच्या शहरात ते तसे वाचलेले फारसे ऐकत नाही. राणे १९९४ मध्ये पुण्यात वारले. पुण्याचा परमवीर म्हटले की आजही लोकांच्या ओठी आधी अरुण खेतरपाल येतात, ते जन्माने पुण्याचे आणि पूना हॉर्सचे म्हणून, आणि १९७१ च्या डिसेंबरात पेटलेला रणगाडा सोडायला त्यांनी नकार दिला म्हणून. त्यात गैर काही नाही. पेटलेला रणगाडा डोळ्यांपुढे उभा राहतो, उकरलेला सुरुंग राहत नाही. आमची तक्रार खेतरपालांच्या लौकिकाबद्दल नाही, ती आमच्या डोळ्यांच्या सवयीबद्दल आहे.

गंमत अशी की परमवीर चक्राची धातूत कोरलेली बाजू त्याच्या वाक्यापेक्षा वेगळेच बोलते. हे चक्र घडवले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधील नूशातेल गावी. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये विवाह केल्यावर त्या इथल्याच झाल्या. संस्कृत आणि मराठी शिकल्या, महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळू नये, हे आम्हांला खटकते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाचे काम सोपवले तेव्हा त्यांनी वज्राची प्रतिमा निवडली. पदकाच्या मध्यभागी राष्ट्रचिन्ह आणि त्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागल्या बाजूस कमळे. शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीचाही या कल्पनेत वाटा असल्याचे सांगतात आणि मराठी व्याख्यानांत तोच भाग रंगवला जातो. पण वज्र आले कुठून? दधीचींच्या अस्थींतून. वृत्राला मारता येईल असे शस्त्र देवांपाशी नव्हते, म्हणून दधीचींनी देह ठेवला आणि हाडे दिली.

आता सनदेचे वाक्य दधीचींना लावून पाहा. आत्मत्याग आहे, त्याहून मोठा कल्पिताही येत नाही. पण शत्रू कुठे आहे? वृत्र त्या आश्रमात नव्हता. समोर उभे होते ते याचक देव. म्हणजे ज्या ऋषीच्या हाडांचे वज्र परमवीर चक्रावर कोरले आहे, त्याला स्वतःला ते चक्र नियमानुसार मिळाले नसते. वर्गात हे सांगितले की मुले प्रथम हसतात, मग गप्प होतात.

दधीचींसाठी भारत सरकारने ४ जानेवारी १९५२ रोजी वेगळे पदक काढले असे गमतीने म्हणता येईल. ते म्हणजे आजचे अशोक चक्र. त्याचे वाक्य परमवीर चक्राचेच आहे, फक्त त्यात 'शत्रूच्या समक्ष नसताना' असा फेर आहे. एका 'न'ने सीमारेषा आखली जाते. आणि या रेषेवरचे सर्वांत बोलके मराठी नाव तुकाराम ओंबळे यांचे आहे.

मुंबई पोलिसांतील हे साहाय्यक उपनिरीक्षक सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर, हाती केवळ लाठी असताना, त्यांनी अजमल कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. घाडग्यांनी स्वतःच्या बंदुकीची नळी धरली ती मारण्यासाठी. ओंबळ्यांनी दुसऱ्याच्या बंदुकीची नळी धरली ती इतरांना वाचवण्यासाठी. ओंबळ्यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले, म्हणजे नियमाच्या भाषेत 'शत्रूच्या समक्ष नसताना' दाखवलेल्या शौर्याबद्दल. पोलीस परमवीर चक्राच्या कक्षेत सहसा येत नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी हे वाक्य घशाखाली उतरत नाही. पुढे ज्या खटल्यात कसाब दोषी ठरला, त्यातील एक गुन्हा देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला फाशी झाली ती आमच्याच येरवड्यात. न्यायालयाच्या कागदावर ते युद्ध होते, पदकाच्या कागदावर समोर शत्रू नव्हता.

या बाजूने आम्ही बोलू लागलो की एक सहकारी नेहमी आक्षेप घेतात आणि तो दुबळा नाही. लाट तुमचा द्वेष करत नाही, ते म्हणतात, शत्रू मात्र तुम्हालाच शोधत असतो. तुमच्यावर नेम धरलेला आहे हे ठाऊक असताना पाऊल उचलणे ही वेगळ्याच जातीची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी वेगळे पदक हवेच. शिवाय निकष सैल केले की पदक स्वस्त होते. पहिल्या महायुद्धात लोखंडी क्रॉस लाखांच्या संख्येने वाटला गेला, तर परमवीर चक्रे आजवर अवघी एकवीस, त्यांतील चौदा मरणोत्तर. हे मान्य. अट काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ही अट प्रसंगाचे वर्णन करते, कृत्याचे नाही. शत्रू असला पाहिजे, पण त्याच्यासमोर काय करायचे हे वाक्य सांगत नाही. मारा, वाचवा, रस्ता बांधा, तिन्ही त्यात येते. परमवीर चक्राला पात्र असणाऱ्यांच्या यादीत परिचारिका आणि रुग्णालयातील कर्मचारी पहिल्यापासून आहेत, हे किती जणांना माहीत असते? परिचारिकेचा पराक्रम म्हणजे काय, हा विचार सनद लिहिणाऱ्याने केला होता. आजवरचे एकवीसही मानकरी मात्र पुरुष आहेत.

आपली वीरकथेची जाण पोवाड्याने घडवली आणि ती उणी नाही. तुलशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात रायबाचे लग्न आहे, घर आहे, मागे राहणारी माणसे आहेत. गौरवपत्रात यातले काहीच नसते. त्याला कवी नसतो, आधीचे आयुष्य नसते, फक्त तारीख, जागा आणि कृत्य. पण या कोरडेपणामुळेच ते एक गोष्ट करू शकते जी शाहिराला अवघड जाते. जाधवांच्या दोन फेऱ्या ते मोजून सांगते. राण्यांचे काम कितीला सुरू झाले आणि कितीला संपले, हे लिहून ठेवते. आमच्या भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकी उताऱ्यांतून हे तपशील गळतात आणि वीर तेवढा उरतो, एकसारखा, कोणताही.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली. राण्यांच्या नावाचे बेट त्यांत आहे. १८६७ मध्ये जिथे शत्रूवाचून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले होते, तोही याच समुद्राचा किनारा. येत्या सत्रात आम्ही वर्गाला पुन्हा एकदा तेच वाक्य देणार आहोत, या वेळी राणे, जाधव आणि ओंबळे यांच्या गौरवपत्रांसह. नावे, हुद्दे आणि पदके झाकून ठेवू. कोणते कृत्य शत्रूच्या उपस्थितीत झाले, ते मुलांनी ओळखायचे आहे.